आईचे रिकामे हात

बांबूच्या हिरव्यागार बेटाशेजारी एक इवलीशी झोपडी होती. तिथे शेवू राहायची, आई आणि आजोबांबरोबर. आई टोपल्या विणून विकायची, तेव्हा कुठे चूल पेटायची. आजोबांना विसरण्याचा आजार जडला होता. जेवून हात धुतले की लगेच विचारायचे, "बाई, तुम्ही कोण? जेवायला वाढता का?"

"मामंजी, मी तुमची सून! आत्ताच जेवलात की!"

दिवसातून वीस वेळा हेच. विणताना गुणगुणणारी आई हळूहळू गप्पच झाली. एकदा ती आजोबांवर ओरडली आणि मग चुलीपाशी बसून मुसमुसत राहिली.

शेवू बेटात पळाली. तिथे कामट्यांच्या ढिगात एक सोनेरी चतुर अडकला होता. तिने त्याला हळूच सोडवलं. आणि काय! चतुराची झाली चिमुकली परी, मोरपंखी पंखांची, चमचमणारी. मी असते तर किंचाळलेच असते! शेवू नुसती बघत राहिली.

"माग एक इच्छा," परी म्हणाली.

"आजोबांना सगळं आठवू दे!"

परीचे पंख मिटले. "ते माझ्या हातात नाही गं, सोनुले."

"मग... माझ्या आईला पुन्हा गाऊ दे."

परीने एक छोटुकली बासरी दिली. "दिवेलागणीला वाजव. पण तेव्हा आईचे हात रिकामे हवेत. तिने काम घेतलं की सूर थांबेल."

शेवूने घरी येऊन आईला परीची गोष्ट सांगितली आणि संध्याकाळी बासरीत फुंकर मारली. रुपेरी सूर झुळझुळले. तेवढ्यात आईने सवयीने लसूण ओढला आणि सूर गप्प!

"आई, बस ना गं नुसती!"

"आणि लसूण काय तुझी परी सोलणार?"

दुसऱ्या दिवशी शेवूने खेळ सोडून आधीच लसूण सोलला, भांडी घासली, आजोबांना भरवलं. मग आई बसली. हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना. शेवटी ते मांडीवर विसावले. डोळे मिटले. बासरी वाजत राहिली आणि कितीतरी दिवसांनी आई गुणगुणली.

आजोबा पालथ्या टोपलीवर ठेका धरू लागले. "बाई, गोड गाता हो! तुम्ही कोण?"

आई खुदकन हसली. "तुमचीच सून, मामंजी!" आणि तेही तिने चालीवरच सांगितलं.

शेवूच्या हातातली बासरी केशरी उजेडात विरघळली. दारातून परीने हात हलवला. "आता तुझी आईच गाते आहे. पण रोज एवढा वेळ तिचे हात रिकामे राहतील, हे तू सांभाळ हं!"

शेवूने मान डोलावली, तोवर दारात नुसता उजेड उरला होता.