तेनेच्या पाठीचा खळगा

बसू नका, पाहुणे! तो ओटा मोकळा दिसतोय खरा, पण आज आमच्या सोकोबिलात कुणी बसत नाही. वादळी पावसाआधी मशीद आणि चर्च लिंपायचा हा दिवस. इमामसाहेबसुद्धा नमाजापुरते बसतात आणि लगेच उठतात. बुर्किना फासोत मातीच्या भिंतींची गावं पुष्कळ, पण उभ्यानं जेवणारं आमचंच! आणि चर्चच्या भिंतीतला तो खळगा बघा. तो बुजवायचा नाही. का, ते सांगतो, पण उभ्याउभ्याच ऐका. आभाळ भरून आलंय आणि अर्धी भिंत बाकी आहे.

फार मागं तेने नावाची बाई इथल्या भूमीची पुजारीण होती. गावालगतचं हे चिखलाचं तळं तिच्या हुकमात. मशीदवाले असोत की चर्चवाले, माती न्यायची तर तिला विचारून. बाई मायाळू, पण राग नाकाच्या शेंड्यावर! तिचा एकुलता मुलगा लासिना गवंडी होता. आपल्यामागं पूजा तोच चालवील, असं ती धरून चालली होती, आणि हा पठ्ठ्या नमाज पढू लागला. तेनेचं डोकंच फिरलं. तळ्याकाठी उभी राहून, भूमीला साक्ष ठेवून ती म्हणाली, "या तळ्याचा चिखल मशिदीला लागणार नाही."

असा शब्द मोडला तर भूमी मोबदला मागते, असं सांगतात.

झालं! मशीद लिंपणावाचून राहिली. पुढं एका साली भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, आणि वर वादळ दाटलं. लासिना आत शिरून वाळूमिश्रित मातीनं भेग बुजवू लागला. ती लावली की गळून पडायची. लोक बाहेर बोलवत होते, पण तो हलेना. "पडली तर माझ्यावर पडू दे," म्हणे.

इकडे तेनेच्या जिवाची नुसती घालमेल. बसायची, उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. चुलीवरची लापशी करपली तरी तिला पत्ता नाही. शब्द राखावा तर पोरगा जातो, मोडावा तर भूमी काय मागेल कोण जाणे! शेवटी ती तळ्याकडे धावली. "शब्द मी मोडतेय," ती भूमीला म्हणाली, "गावाला बोल लावू नकोस. माझा विसावा घे. हे काम पुरं होईतो मी बसणार नाही."

पण चिखल तुडवून मुरवायला दिवस लागतात. याच तळ्याच्या चिखलाचा मुरलेला ढीग होता फक्त चर्चसमोर, त्यांच्या स्वतःच्या भिंतीसाठी. तिथं प्रार्थना सांगणारा म्हातारा एतिएन उभा होता. तेनेचा चेहरा बघून त्यानं टोपली उचलली. "आमचं नंतर बघू," म्हणाला. चर्चची माणसं मशिदीला चिखल वाहू लागली, तेनेही त्यांच्यात. पाऊस कोसळला तेव्हा भेग बुजली होती.

चिखलानं माखलेला लासिना आईपुढं वाकला. "बस आता, आई."

"ज्यांचा चिखल आणला त्यांची भिंत उघडी पडलीय," तेने म्हणाली. "कशी बसू?"

मग मशीदवाल्यांनी नवा चिखल तुडवला आणि उघडीप मिळेल तसं चर्च लिंपलं. तोवर तेने उभीच. उभ्यानं खायची, खांबाला टेकून डोळा लावायची. पाय सुजले होते. लासिना हातापाया पडला, रडला, पण ती ऐकेल तर शपथ! शेवटच्या टोपलीला ती चर्चच्या ओल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लासिनानं शेवटचा हात फिरवला आणि वळून म्हणाला, "झालं, आई. बस आता."

ती बसली नाही. टेकल्याटेकल्याच गेली होती.

तिच्या पाठीचा खळगा लासिनानं कुणाला बुजवू दिला नाही. आजही मशिदीचा चिखल चर्चवाले वाहतात आणि चर्चचा मशीदवाले. ही घ्या टोपली, तुम्हीही चला. शेवटचा हात फिरला की सगळं गाव त्या खळग्याकडे तोंड करून एकदम म्हणतं, "झालं, आई. बस आता." आणि मगच आम्ही खाली बसतो.