तळं गिळणाऱ्या राक्षसाचं आजचं रूप

एका गावात एक भोळा शिपाई होता. शिपाई म्हणजे नाटकातला. एरवी तो म्हशी राखायचा. नाव येसबा. जत्रेत दरवर्षी एकच आख्यान व्हायचं. राक्षस गावचं तळं गिळतो, शिपाई त्याला बांधून पोट दाबतो, तळं बाहेर पडतं. तेवढा एक दिवस गाव येसबाला माणसांत धरायचं.

यंदा भास्करअण्णा मास्तरांनी आख्यानाला आजचं रूप दिलं. राजाचा सरपंच केला, राक्षसाचा ठेकेदार. प्रमुख पाहुणेही ठेकेदारच निघाले, जालिंदरशेठ. गावच्या तळ्यातला गाळ काढायचं काम त्यांनीच घेतलं होतं. गाळ राहिला, पाणी गेलं. पण नाटक आवडलं तर रंगमंचावर पत्रे घालून देण्याचा शब्द त्यांनी दिला होता.

"आमचा राक्षस परगावचा आहे हां, शेठ," अण्णा म्हणाले.

"बेधडक दाखवा मास्तर! आधुनिक म्हटलं की आपल्याला फार आवडतं."

अण्णांनी येसबाला बजावलं, "गोष्ट जुनी, पोशाख आजचा. चुकलास तर पुन्हा रंगमंचाचं तोंड बघायचं नाही."

येसबाने घोकलं. सकाळी कीर्तनकार बुवा विहिरीवर अंघोळ करत होते. बुवांची गोष्ट जुनीच. येसबाने त्यांचं धोतर उचललं आणि त्या जागी नाटकातली जीन्स ठेवली. कीर्तन जीन्समध्ये झालं. बुवांना खाली बसता आलं नाही.

"गाढवा!" अण्णा ओरडले. "दुसऱ्याच्या वस्त्राला हात लावू नये!"

संध्याकाळी नांदीच्या पूजेत समईने अण्णांच्याच धोतराचा सोगा पेटला. येसबा बादली घेऊन शेजारीच उभा होता.

"अरे, बघतोस काय?"

"दुसऱ्याचं वस्त्र आहे, अण्णा."

अण्णांनी स्वतःच बादलीत बैठक मारली. "जाळ दिसला की पाणी ओतावं, शंख!"

नाटक सुरू झालं. राक्षसाच्या प्रवेशाला लाल कागदाचा जाळ केला होता, आत विजेचा दिवा. येसबाने बादली ओतली. फट्ट झालं. सगळीकडे अंधार. उजेड येईपर्यंत अण्णांनी त्याचा कान सोडला नाही.

"खरं कोणतं, सोंग कोणतं, कळत नाही तुला? सोंगाला सोड, खऱ्याला हात घाल! आता एकच प्रवेश उरलाय. शेठ खूश झाले पाहिजेत."

उजेड आला. सफारी आणि काळा चष्मा घालून राक्षस झालेला चंदर शिंपी गरजला, "गावचं तळं मी गिळलं!"

सरपंच ओरडला, "शिपाई, बांध त्या ठेकेदाराला!"

येसबाने चंदरकडे नीट पाहिलं. हे सोंग. मग तो खाली उतरला आणि पहिल्या रांगेतल्या जालिंदरशेठना खुर्चीला बांधलं.

"वा! काय आधुनिक!" शेठ टाळ्या वाजवता वाजवता बांधले गेले.

मग येसबाने पोट दाबलं. आधी ढेकर आली, मग नाटकमंडळाने खाऊ घातलेली भजी. शेठ किंचाळू लागले. गावाने शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. वन्समोअर आला, म्हणून येसबाने पुन्हा दाबलं. तळं काही येईना. पण येसबाला रंगमंच गमवायचा नव्हता.

त्याने घाम पुसला आणि पडद्याआड मटकन बसलेल्या मास्तरांना हाक मारली, "अण्णा, तळं काय निघत नाही! निदान आपले पत्रे काढू का?"