रिकाम्या खोलीवरची पाटी

"मग त्यात चूक काय आहे, ते तरी सांगा!" ओजस पानसे म्हणाला.

ओजसचा पॅच, म्हणजे कोडमध्ये त्याने सुचवलेला बदल, इंदुताई सरवटेंनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

बाहेर मळभ होतं. मिरजेतल्या ताईंच्या घरी त्या खोलीत उजेड एरवीही बेताचाच, आज तर पडद्याचाच काय तो होता.

दवाखान्यांतल्या संगणकांवर चालणारी फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था, ताईंनी उभी केलेली. डिस्क म्हणजे एक मोठी चाळ. प्रत्येक फाइलचे तुकडे करून खोल्याखोल्यांत ठेवायचे आणि कुठली खोली कोणाची, याचा नकाशा राखायचा. फाइल पुसली तरी खोलीतलं सामान जागचं हलत नाही, फक्त दारावरची पाटी निघते. नवा बिऱ्हाडकरू आपलं सामान टाकतो, तेव्हा कुठे जुनं जातं.

आधी सामान ठेवायचं, मग पाटी लावायची, हा ताईंचा क्रम ओजसने फिरवला होता. खोली आधी फाइलच्या नावावर करून टाकायची, सामान मागाहून सवडीने न्यायचं. त्याने वेग दुप्पट झाला होता. ताईंच्या होकाराशिवाय त्या कोडमध्ये अक्षर बदलत नसे. तरी पठ्ठ्याने पॅच लागला म्हणून मित्रांना पेढे वाटले होते. बाजारात तुरी, दुसरं काय.

"सगळ्या चाचण्या पास आहेत, ताई."

"मध्येच वीज गेली तर?"

"हल्ली जाते कुठे वीज? आणि गेलीच, तर शेवटची एखादी ओळ जाईल. त्यात काय मोठंसं?"

ताईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

"उतावळा नवरा…" एवढंच म्हणून त्या उठल्या.

कपाटातून त्यांनी एक जुनी डिस्क काढली. फडक्याने पुसून चाचणीच्या संगणकाला जोडली.

"घरच्या जुन्या संगणकातली आहे. आतलं सगळं मीच पुसून टाकलंय. तुझा पॅच चढव, आणि एक ओळ लिही."

"काय लिहू?"

"मनात येईल ते."

ओजसच्या मनात काय येणार! त्याने लिहिलं, 'ओजस पानसेचा पॅच चुकत नाही.' फाइल जतन केली. पडद्यावर 'झालं' असं उमटलं.

ताईंनी वाकून भिंतीतला प्लग उपटला.

ओजस दचकला. ताईंनी शांतपणे प्लग परत लावला. संगणक कुरकुरत उठला.

"उघड."

फाइल जागेवर होती. नाव बरोबर, लांबी बरोबर. ओजसने हसतच उघडली.

आत त्याची ओळ नव्हती.

'आई, जेवायला थांबू नकोस, मी'

तेवढंच. ओजसची ओळ जेवढी लांब, तेवढीच अक्षरं.

"हे… हे मी नाही लिहिलं."

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. हातातलं फडकं त्यांनी घट्ट धरलं होतं.

"सुबोध," त्या म्हणाल्या.

सुबोध म्हणजे ताईंचा एकुलता मुलगा. घाटात गाडी कोसळून गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याचं नाव या घरात कोणी काढत नसे. आई सदान्‌कदा संगणकापुढे, तिच्याशी बोलायचं तर चिठ्ठी संगणकातच ठेवावी लागते, अशी तो थट्टा करायचा म्हणे.

ओजसचं हसू कधीच मावळलं होतं. दवाखान्यातल्या कोणाच्या कागदात कोणाचं दुखणं उघडं पडलं असतं, हे त्याला आता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ताई… पुढे काय होतं?"

"आठवत नाही," ताई म्हणाल्या. "पुसताना पुन्हा वाचलं नव्हतं. वाचवत नव्हतं."

ओजस खुर्चीत पुढे सरकला.

"पुढचं अजून त्याच खोलीत आहे, ताई. या पॅचने दिसेल. मी नुसती लांब ओळ लिहितो, तुम्ही पुन्हा प्लग काढा. जेवढी ओळ लांब, तेवढं पुढचं…"

ताईंचा हात भिंतीकडे गेला. बोटं प्लगवर टेकली.

"तू लिहिलेली ओळ कुठे गेली?" ताईंनी विचारलं.

"ती डिस्कवर पोहोचलीच नाही."

"पण पाटी तुझ्या नावाची लागली."

ओजसने मान खाली घातली.

ताईंनी प्लगवरची बोटं काढून घेतली. खुर्ची पडद्यापासून थोडी मागे ओढली आणि मांडीवर फडक्याची घडी घालू लागल्या.

"क्रम सरळ कर. आणि याच डिस्कवर चालवून दाखव."

"पण ताई, नकाशात ही खोली आता माझ्याच फाइलच्या नावावर आहे. माझी ओळ इथेच येऊन पडेल. मग हे… हे कायमचं जाईल."

ताईंनी पडद्यावरची ती अर्धी ओळ पुन्हा एकदा वाचली.

"आधी लिही," त्या म्हणाल्या. "मग पाटी लाव."