मोरणीचा डोळा

फार वर्षांपूर्वी, खाडीच्या मुखाशी ना धक्का होता ना दिवा, तेव्हाची ही गोष्ट. कातळपाडा तेव्हाही मासेमारीवरच जगायचा. जाळी घरोघरी विणली जायची, आणि विणायला बांबूची सुई लागायची. वीतभर लांब, पुढे टोकदार, पोटात सूत गुंडाळायला जीभ कोरलेली.

त्या वर्षी डोंगरातला बांबू फुलला. तो माणसाच्या जन्मात एखाददाच फुलतो, आणि फुलला की बांबूचं सगळं बेट मरून जातं. त्याचं बी खाऊन उंदीर माजले. बी संपलं, तसे ते गावात उतरले. असं म्हणतात, की त्यांनी टांगलेली जाळी खाल्ली, सुया खाल्ल्या, पाळण्याच्या दोऱ्याही सोडल्या नाहीत. नव्या सुयांना बांबू नव्हता. होड्या वाळूत पडून राहिल्या आणि चुली विझल्या.

लाकूड मात्र होतं. फुटलेल्या होड्यांच्या फळ्या किनाऱ्याला लागत आणि तिथेच कुजत. त्यांना कुणी हात लावत नसे. बुडालेल्यांचा जीव त्यांत अडकलेला असतो, ही भीती.

गावात भिवरा मेस्तरीण राहायची. तिचा नवरा होड्या बांधायचा. तो गेल्यावर त्याचा लाकूड तासायचा वाकस आणि पटाशी तिने उचलली. बाईने वाकस धरलेला गावाला खपत नव्हता. पोटात आग पडली तेव्हा खपला.

भिवरा फळ्या गोळा करायला लागली, तेव्हा धाकू तांडेल लांबूनच ओरडला, "भिवरे, बुडालेल्याचं लाकूड घरात नेतेस? उद्या बुडालेला मागून येईल!"

"आला तर पानावर बसवीन. तुझ्या घरी आला तर काय वाढशील रे, उंदीर?"

ती हसली, पण तिच्या मनात वेगळंच होतं. तिचा मुलगा गजा सात वर्षांपूर्वी सहा गड्यांबरोबर 'मोरणी' होडीतून गेला होता. होडी परतली नाही, कुणाचं प्रेतही लागलं नाही. "लांब गेलाय," एवढंच भिवरा म्हणायची. सून येसू रोज कुंकू लावायची.

आणि त्या फळ्यांमध्ये तिला मोरणीची नाळ सापडली, म्हणजे होडीचा पुढचा भाग. तिथे कोरलेला डोळा तिच्या नवऱ्याच्या हातचा होता.

इथे एक रीत सांगायला हवी. कातळपाड्यात होडीला डोळे कोरतात. होडी मोडायची झाली, की आधी डोळ्यांना चुना लावून ते मिटवायचे आणि मगच वाकस चालवायचा. पण ज्या होडीचे डोळे मिटले, तिच्यावर गेलेली माणसं मेली असं धरतात. भिवराचा हात चुन्याच्या डबीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिने उघड्या डोळ्याची फळी चिरली.

सात सुया झाल्या. सातवीच्या पाठीवर तो डोळा आला. ती तिने येसूला दिली.

सात बायका किनाऱ्यावर विणायला बसल्या. दुपार कलली, ओहोटी लागली. असं म्हणतात, की तेव्हा कोरड्या लाकडातून खारं पाणी पाझरू लागलं. गाठी ओल्या झाल्या. मग सातही सुयांची टोकं एकदम समुद्राकडे वळली. बायकांना हात थांबवता येईनात. सहाजणींनी किंचाळत कशाबशा सुया फेकल्या. येसूने फेकली नाही.

"आई, ते हाक मारतायत," ती म्हणाली आणि उठली. जाळं ओढत, चालता चालता विणत पाण्यात शिरली. गुडघाभर. कमरेभर.

गाव काठावर उभं होतं. "मेस्तरणीने ओढवलं हे!" धाकू ओरडत होता, पण पाण्यात पाऊल टाकत नव्हता. पाणी गळ्याशी आलं तरी येसूचे हात विणतच होते.

भिवरा पाण्यात धावली. तिने येसूचं मनगट धरलं. ते लाकडासारखं ताठ आणि बर्फासारखं गार होतं. सुईवरचा डोळा तिच्याकडेच बघत होता. ओला, जिवंत. त्या डोळ्यात तिला गजा दिसला, असं म्हणतात. सात वर्षं ज्याची वाट पाहिली तो. तो हसत होता.

भिवराने कमरेची चंची ओढली, दातांनी चुन्याची डबी उघडली आणि अंगठाभर चुना डोळ्यावर दाबला.

"मोरणे, मीट आता," ती म्हणाली. मग सात वर्षांत जे म्हटलं नव्हतं, ते म्हणाली. "माझा गजा मेला."

समुद्राचा आवाज थांबला. पूर्ण थांबला. येसूची बोटं सैल पडली. भिवराने तिला केसांना धरून काठावर ओढलं. वाळूवर सुई पाहिली, तर डोळा नव्हता. लाकूड जखमेसारखं भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी भिवराने सहाही सुयांना चुना लावला, एकेका गड्याचं नाव घेऊन. त्या सुयांनी जाळी झाली आणि गाव जगलं. पुढे ती मरेपर्यंत वाहून आलेल्या लाकडाच्या सुया करत राहिली, आणि तिला बोल लावणारे त्याच सुयांनी विणत राहिले.

आता सुया प्लास्टिकच्या आहेत. तरी कातळपाड्यात नव्या सुईला अंगठ्याने चुन्याचा ठिपका लावतात. भिवराचं नाव घेतात, मग आपल्या गेलेल्या माणसाचं. ज्यांचं माणूस समुद्रावरून परतलेलं नाही, त्यांची सुई बिनठिपक्याची खुंटीला टांगलेली असते. तिने कुणी विणत नाही. काही घरांत ती वीस-वीस वर्षं तशीच आहे. त्या घरातल्यांना ठिपका लावा असं गावात कुणी सांगत नाही. फक्त त्यांच्या दाराशी चुन्याची डबी भरून ठेवतात.