टिटवीच्या घरातला स्फटिक

डोंगरसुद्धा लहान होते, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या गोट्यांमध्ये एका टिटवीने अंडी घातली. ती इतकी मातकट, ठिपकेदार, की गोट्यांत सहज मिसळून जायची. तरी टिटवी सारखी उठून, सगळी आहेत ना, ते बघायची.

स्फटिक जवळ असला की मन शांत राहतं, इडापिडा टळते, असं तिने ऐकलं होतं. मग काय, पाण्याजवळचा एक पांढराशुभ्र स्फटिक छातीने ढकलत तिने घरी आणला आणि अंड्यांच्या मधोमध ठेवला.

ऊन चढलं तसा स्फटिक असा चमकू लागला, की वरून जाणारा कावळा पुन्हा पुन्हा वळून पाहू लागला.

"टिटवीताई," स्फटिक हळूच म्हणाला, "मला इथून हलवा. माझ्यामुळे तुमचं घर लांबून दिसतंय."

"म्हणजे तुमच्यात शक्तीबिक्ती काही नाही?"

"ते मला ठाऊक नाही. चमकता तेवढं येतं."

"मग माझ्या मनःशांतीचं काय?"

"आधी अंडी वाचवू, मग तिचं बघू."

टिटवीने धापा टाकत त्याला पार पलीकडच्या खडकापाशी नेलं आणि तिथेच ओरडत घिरट्या घालू लागली. कावळ्याला वाटलं, अंडी इथेच. त्याने स्फटिकावर जोरात चोच मारली आणि डोकं झाडत, शिव्या देत तो निघून गेला.

संध्याकाळी शेजारच्या पाणकोंबडीने विचारलं, "काय गं, स्फटिकाचा गुण आला का?"

"आला की," अंड्यांवर बसत टिटवी म्हणाली, "फक्त जरा लांब ठेवावा लागतो."