बांधावरचा हादगा

माळवाडीची भिवरा शाळकरी पोर, तिच्या घरचं शेत एवढंसं. त्यातली बाजरी वारा दरवर्षी आडवी करायचा. यंदाही बाजरी हाती लागली नाही, तर भिवराला शाळा सोडून आईबापाबरोबर लांबच्या मुलखात ऊसतोडीला जावं लागणार होतं.

वारा अडवायला वाडीत एक झाड नव्हतं. जो तो झाड लावायचा ते बांधावर, म्हणजे अर्धी सावली शेजाऱ्याच्या गळ्यात. शेजारी मग कुऱ्हाड काढायचा. असं करता करता वाडी बोडकी झाली. शहाण्यांचं गाव ते!

एका सकाळी ओढ्याकाठच्या बोरीत भिवराला काहीतरी लुकलुकताना दिसलं. इवलीशी परी! पोपटी पंख, त्यांना सोनेरी किनार, आणि एक पंख काट्यात अडकलेला. भिवराने स्वतःचे हात ओरबाडून घेतले, पण त्या नाजूक पंखाला ओरखडा येऊ दिला नाही.

"एक झाड माग," परी म्हणाली. "कुठलंही माग. डोळ्यांदेखत वाढेल. पण नाव एकदाच घ्यायचं, तेही सूर्य मावळायच्या आत. आणि ज्याच्या पिकावर सावली पडेल, त्यानं आधी हो म्हटलं पाहिजे."

भिवराने पळत जाऊन बापाला सांगितलं. बाप हरखला.

"आंबा माग! पिवळेधमक आंबे लागतील. आन् शेजारच्या सोनबाला कशाला इचारायचं? हो म्हनला म्हून सांग. परीला काय कळतंय?"

"पर बाबा, सावली त्यांच्या मटकीवर पडंल की."

सोनबा वाडीतला सगळ्यात खाष्ट म्हातारा. तरी भिवरा त्याच्याकडे गेली आणि बांधावर आंबा चालेल का, असं तिने विचारलं.

"आंबा?" सोनबा गुरगुरला. "त्या गर्द सावलीत मटकी धरंल व्हय माझी? न्हाई म्हंजे न्हाई!"

"मग सोनबातात्या, तुमाला कंचं झाड चालंल?"

सोनबाने हातातलं खुरपं खाली ठेवलं. उभ्या जन्मात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो बांधावरून एक चक्कर मारून आला. शेवटी म्हणाला, "हादगा. पान बारीक, ऊन खाली झिरपतं. पाला शेळीला व्हतो, गळला तर खत. फुलांची भाजी बी ग्वाड लागती. हादगा लाव, पोरी. माझी ना न्हाई."

आभाळ केशरी झालं होतं. भिवराने बांधावर उभं राहून हळूच म्हटलं, "हादगा." मातीतून हिरवा कोंब निघाला, सरसर वाढला आणि चंद्रकोरीसारख्या पांढऱ्याशुभ्र फुलांनी लगडला. भिवराला आनंद झाला, आणि लगेच तिचं तोंड उतरलं.

"एवढा माळावरचा वारा, एका झाडानं कसा अडंल?"

परी तिच्या खांद्यावर येऊन बसली आणि खुदकन हसली. "नुसतं मागितलेलं झाड एकच येतं. विचारून मागितलेलं एकटं येत नाही, गं."

तिने चिमुकला हात फिरवला. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हादगेच हादगे उभे राहिले. त्यांच्या फुलाफुलांतून रुपेरी उजेड झिरपला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

त्या साली बाजरीची कणसं दाण्यांनी टच्च भरली. दसरा उलटल्यावर ऊसतोडीच्या गाड्या वाडीवर आल्या आणि पुढे निघून गेल्या. भिवरा तेव्हा शाळेत बसून तेराचा पाढा म्हणत होती, आणि चक्क चुकत होती.