आडवणच्या तिठ्यावरची मोजणी

एका गावात एक भोळा माणूस होता. तशी भोळी माणसं त्या गावात आणखीही होती, पण ती चारचौघांत गप्प बसून निभावून नेत. धाकलूला गप्प बसायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो बोलायचा.

गावाचं नाव आडवण. धाकलूच्या बायकोचं नाव केशर आणि लेकीचं चिमी. चिमीचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. दर सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन प्लास्टर बदलायचं, एकही सोमवार चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तालुका तीन कोस. आडवणला एसटी येत नव्हती. केशर उजाडताना चिमीला कडेवर घेऊन निघायची आणि दिवेलागणीला परतायची. जाताना काळजी असायची पावलाची, की सरळ होईल ना. येताना काळजी असायची डोक्याची, की बापावर गेलं तर? मग तिला वाटायचं, आपण तरी कुठल्या शहाण्या, सातवी पास होऊन हे स्थळ आपणच पसंत केलं. कारण काय, तर मुलगा खोटं बोलत नाही. ते खरंच होतं. त्याला जमतच नव्हतं.

त्या वर्षी जिल्ह्यानं एक स्पर्धा काढली. प्रत्येक गावानं आपली जा-ये कशी चालते, कशी हवी, याचा आराखडा आपणच करायचा. सगळ्यांत चांगल्या आराखड्याला एक ढाल आणि रोज सकाळी सातची एसटी. गावाला ढाल हवी होती. केशरला एसटी.

आराखडा भाटकर गुरुजींनी अंगावर घेतला. त्यासाठी तिठ्यावर महिना-दीड महिना बसून येणारं-जाणारं मोजायला माणूस हवा होता. कोणी तयार होईना. गुरुजींनी धाकलूला बोलावलं. ते म्हणाले, याला बस म्हटलं की हा बसतो. एवढा गुण गावात दुसऱ्या कोणात नाही.

त्यांनी त्याला एक वही दिली आणि समजावलं. जो कोणी जाईल त्याला आदरानं तीन प्रश्न विचारायचे. कुठून आलात? कुठे चाललात? परत कधी येणार? उत्तर मिळाल्याशिवाय सोडायचं नाही.

पहिल्या दिवशी पहिली आली केशर. सोमवार होता.

"कुठून आलात?" धाकलूनं विचारलं.

"घरून."

"कुठल्या घरून?"

"तुमच्याच." केशरनं चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "जाऊ द्या आता, उशीर होतोय."

पण तीन प्रश्न झाल्याशिवाय त्यानं सोडलं नाही.

त्यानंतर आले भुर्के तात्या. म्हणजे ते स्वतः आले नाहीत. पंचाऐंशी वर्षांचे होऊन आदल्या दिवशी वारले होते, त्यांना चौघं घेऊन आले. धाकलू वही घेऊन आडवा उभा राहिला. पुतण्यानं कसंबसं सांगितलं, की घरून आलो, स्मशानात चाललोय, अकरापर्यंत परतू. धाकलू म्हणाला, "तुमचं लिहिलं. यांचं सांगा. हे परत कधी येणार?"

तिथे त्याला फार मारलं नाही, कारण चौघांचेही हात गुंतलेले होते.

गुरुजींनी संध्याकाळी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे, चौघं मिळून कोणाला खांद्यावरून नेताना दिसले की विचारायचं नाही. टोपी काढायची, पुढे होऊन खांदा द्यायचा, आणि म्हणायचं, फार वाईट झालं, पण सुटले बिचारे."

धाकलूनं ते पाठ केलं.

आठवड्यानं तिठ्यावरून लग्नाचं वऱ्हाड निघालं. ओहोळाला पाणी होतं. नवरदेवाचे नवे बूट भिजू नयेत म्हणून चौघा मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. धाकलूनं टोपी काढली. मान खाली घातली. पुढे होऊन खांदा दिला आणि जड आवाजात म्हणाला, "फार वाईट झालं. पण सुटले बिचारे."

वऱ्हाडातल्या दोन-तीन संसारी पुरुषांनी माना हलवल्या. पहिलं वाक्य त्यांना पटलं होतं. बाकीच्यांनी मात्र धाकलूला ओहोळात बसवलं.

गुरुजी म्हणाले, खांद्यावर असला म्हणजे मेलाच असं नसतं. असा नटलेला माणूस आडवाटेला भेटला तर हसत सामोरं जावं, कुंकू लावावं, अक्षता टाकाव्यात, असा योग वरचेवर येवो म्हणावं. दुसऱ्या दिवशी केशरला करंडा सापडेना. तिनं सगळं घर शोधलं. तो तिठ्यावर होता.

चारच दिवसांनी अंतू पोस्टमन उतारावरून आला आणि सायकलसकट चरात पडला. अंगावर बिल्ल्याचा नवा खाकी गणवेश, पायावर सायकल, सायकलवर टपालाची पिशवी. धाकलू हसत सामोरा गेला. त्याला कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. म्हणाला, "असा योग वरचेवर येवो." मग वही घेऊन परत जागेवर बसला.

आता गुरुजी अंथरुणावर पडूनच बोलले. "धाकलू, नीट ऐक. रस्त्यात कोणी अडून पडलेलं दिसलं की बडबड करायची नाही. काही विचारायचं नाही. उचलायचं आणि थेट भोवड्याला पोचवायचं. माणसाचा डॉक्टर भोवड्याला, गाडीचा मिस्त्रीही भोवड्याला."

भोवडे म्हणजे पलीकडचं गाव. स्पर्धेत तेही होतं.

केशर तेव्हा गुरुजींना पेज द्यायला आली होती. तिच्या मनात आलं, मध्ये पडावं, दोन शब्द बोलावेत. पण गुरुजी शिकलेले, आपण सातवी. ती बोलली नाही आणि पुढे कितीतरी दिवस त्याबद्दल स्वतःला बोलत राहिली.

परीक्षक आले ते सहाव्या आठवड्यात. जीपमध्ये दोन साहेब आणि नाडकर्णी बाई. तिठ्यावर पाटी नव्हती, म्हणून चालकानं जीप बंद केली आणि आडवण कुठल्या अंगाला म्हणून विचारलं. धाकलूनं पाहिलं, गाडी अडली आहे. बडबड करायची नव्हती, म्हणून तो काहीच बोलला नाही. शेजारच्या शेतात बैलजोडी होती, ती त्यानं आणली, दोर बांधला, आणि जीप भोवड्याला नेली. साहेब वाटभर ओरडत होते. काही विचारायचं नव्हतं, म्हणून त्यानं का ते विचारलं नाही. भोवड्याच्या मिस्त्रीनं कोणी तोंड उघडायच्या आत इंजिन उघडलं. मिटायला दोन तास लागले.

आडवणला ते पोचले तेव्हा पुरणपोळ्या थंड झाल्या होत्या आणि साहेब गरम. दारामागे उभ्या केशरला कळलं, की सातची एसटी गेली, यायच्या आधीच गेली. गुरुजींनी रंगीत नकाशा पसरला. साहेबांनी तो पाहिलाही नाही. नाडकर्णी बाईंनी मात्र विचारलं, की तो बैलवाला तिठ्यावर जी वही घेऊन बसला होता ती कसली?

वही आली. गुरुजींनी डोळे मिटले. बाई मोठ्यानं वाचू लागल्या.

"माणसं एकतीस, त्यांतला एक आडवा. परत कधी, सांगितलं नाही. म्हशी बेचाळीस, त्यांनीही सांगितलं नाही." साहेबांच्या मिश्या हलल्या. बाईंनी पान उलटलं. "सोमवार. केशर, कडेवर चिमी. कुठून: माझ्या घरून. कुठे: दवाखाना. कशानं: पायांनी. परत कधी: दिवेलागण." पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. सहा वेळा.

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "नऊ गावं पाहिली. एसटीच्या थांब्याला कमान कुठे हवी, ते नवांनीही काढलंय. माणसांना जायचंय कुठे, ते इथेच लिहिलंय."

आडवणला ढाल मिळाली. केशरला एसटी मिळाली. ती चुलीपुढे बसून रडली आणि भात करपला.

गुरुजींनी या खेपेला धाकलूला शिट्टी दिली आणि शेवटचा धडा दिला. थांबलेल्या गाडीला हात लावायचा नाही. सातचा ठोका पडला की शिट्टी मारायची, गाडी सुटेल. कोणासाठीही थांबवायची नाही, मग तो कितीही मोठा असो.

पहिली एसटी सोमवारी आली. अख्खं गाव तिठ्यावर लोटलं होतं. तोरण, ताशा, मंडप. पहिला प्रवास एसटीनंच करणार म्हणून प्रमुख पाहुण्यांनी आपली मोटार परत पाठवली होती. चालकाला हार घालून जागेवर बसवलं होतं. कंडक्टरला सरपंचबाई टिळा लावत होत्या. ढाल सगळ्यांना दिसावी म्हणून पुढच्या सीटवर ठेवली होती. साडेसहालाच केशर मागच्या दारानं आत चढून बसली होती. समारंभ लांबला तर दवाखान्यात नंबर जाईल, ही तिची काळजी. पाहुण्यांच्या आधी बसलो, हे शोभतं का, ही दुसरी. चिमीला कसलीच काळजी नव्हती. ती प्लास्टर खिडकीच्या गजावर आपटत होती.

बाहेर पाहुणे बोलत होते. मागास भागाच्या प्रगतीचं चाक, असं म्हणून त्यांनी हात वर केला, आणि शाळेच्या घड्याळात सात वाजले.

धाकलूनं शिट्टी मारली.

चालकाची वीस वर्षांची नोकरी. शिट्टी ऐकली की त्याचा पाय आपोआप पडायचा. गाडी सुटली. फीत तुटली, तोरण टपावर गेलं. मागे कंडक्टर धावला, कंडक्टरमागे तबक घेऊन सरपंचबाई, त्यांच्यामागे पाहुणे आणि सगळ्यांत शेवटी ताशेवाले, वाजवत. केशरनं मागच्या काचेतून पाहिलं. हाक मारावी का, असा विचार तिनं वळण येईपर्यंत केला. मग वळण आलं.

धुरळा बसल्यावर गुरुजी पुढे आले. "धाकलू, अरे गाडीत गेलं कोण?"

"केशर आणि चिमी."

"आणि आम्ही? हे पाहुणे? ती ढाल?"

"ढाल गेली गुरुजी, ती वेळेवर बसली होती," धाकलू म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळून त्यानं आदरानं सांगितलं, "तुम्ही उद्या या. पण पावणेसातला. नाहीतर आजच्यासारखी चुकेल."